धूर थांबला, माती तशीच

२३ डिसेंबर २०२० रोजी रशियाच्या कोला द्वीपकल्पातल्या निकेल नावाच्या गावातली धातू वितळवण्याची भट्टी कायमची बंद झाली. नॉर्वेची सरहद्द तिथून जेमतेम सात किलोमीटरवर आहे. पलीकडच्या पास्विक खोऱ्यातले लोक तीस वर्षं या धुराविरुद्ध भांडत होते. १९९० च्या सुमारास ‘सोव्हिएतमधून येणारे मृत्यूचे ढग थांबवा’ अशी चळवळच तिथे उभी राहिली होती. भट्टी विझल्यावर त्यांना आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. गंधकाच्या वासात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला स्वच्छ हवेचं मोल दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

पण जगाच्या दृष्टीने ती बातमी तिथेच संपली, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे. पाऊणशे वर्षं त्या धुराड्यांतून जे बाहेर पडलं, त्यातला वायू वाऱ्यावर गेला. निकेल, तांबं आणि कोबाल्ट मात्र आजूबाजूच्या जमिनीवर उतरलं आणि अजून तिथेच आहे. भट्टी बंद केल्याने त्यातला एक ग्रॅमही कमी झालेला नाही. प्रदूषणाचा आपला सगळा हिशेब धुराड्याच्या तोंडाशी मांडलेला असतो. यंदा किती टन वायू सुटला, गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के घट झाली, एवढंच आपण विचारतो. मातीत किती साठलं आणि ते कोण, कधी, कुणाच्या पैशाने काढणार, हे विचारलं जात नाही. विचारलं गेलंच तर तोवर कंपनी विकली गेलेली असते किंवा बुडालेली असते. थंड उत्तरेत या विस्मरणाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, कारण तिथली माती स्वतःहून सावरायला पिढ्या नव्हे, शतकं घेते.

असं का होतं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. धातू कुजत नाही. तेल सांडलं तर जिवाणू ते हळूहळू खातात, पुष्कळशा कीटकनाशकांचे रेणू उन्हापावसात तुटतात. निकेल मात्र निकेलच राहतं. मातीतून त्याला बाहेर पडायला वाटा थोड्याच. पाण्याबरोबर खाली झिरपावं, झाडाच्या अंगात शिरावं, किंवा धूळ होऊन उडून जावं. उत्तरेकडे यातली पहिली वाट वर्षातले सहा-सात महिने गोठलेली असते. तिथली माती आपल्या काळ्या रानासारखी खोल नसते. वर काही सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळ्याचा, शेवाळ्याचा अर्धवट कुजलेला तपकिरी थर आणि त्याखाली आम्लधर्मी, निकृष्ट, राखाडी वाळू. जंगलाचं सगळं जगणं त्या पातळ थरात चाललेलं असतं. मुळं तिथे, मुळांना अन्न पोचवणारी बुरशी तिथे, बी रुजतं तेही तिथेच. आणि तांबं, शिसं, निकेल यांना घट्ट धरून ठेवतो तोही नेमका हाच सेंद्रिय थर.

थंडीमुळे पाचोळा आधीच सावकाश कुजतो. त्यात तांबं वाढलं की कुजवणारी बुरशी आणि जिवाणू मरायला लागतात, त्यामुळे कुजणं आणखी मंदावतं आणि अन्नद्रव्यं पाचोळ्यातच अडकून पडतात. झाड उपाशी राहतं. त्याच वेळी सल्फर डायॉक्साइड पानांना जाळत असतो. झाड गेलं की वाऱ्याला आडोसा उरत नाही, वारा बर्फ उडवून नेतो. बर्फाची जाड दुलई नसलेली जमीन जास्त खोलवर गोठते आणि उरलीसुरली रोपटी त्या गोठण्यात मरतात. मग तो तपकिरी थरच धुपून जातो आणि खालचा दगड उघडा पडतो. कोला द्वीपकल्पात मोंचेगोर्स्क शहराजवळ १९३९ पासून अनेक दशकं निकेल-तांब्याची भट्टी चालली. तिच्या भोवतालच्या टेकड्यांवर नेमकं हेच घडलं. ऐन भराच्या काळात तिथून वर्षाला दोन लाख टनांहून अधिक सल्फर डायॉक्साइड आणि त्यासोबत हजारो टन धातूची धूळ बाहेर पडत होती. शहराला लागूनच १९३० साली स्थापन झालेलं लॅपलँड अभयारण्य आहे. त्याच्या जंगलाचाही एक भाग या धुरात गेला. संरक्षित क्षेत्राची कागदावरची रेघ धुराला अडवू शकली नाही.

बर्फाचं आणखी एक काम आहे. हिवाळाभर भट्टीची धूळ आणि आम्लं बर्फावर साठत राहतात. वसंतात बर्फ वितळायला लागलं की पहिल्या काही दिवसांच्या पाण्यातच त्यातला बराचसा विरघळणारा भाग वाहून येतो. जमीन अजून गोठलेली असते, म्हणून पाणी आत मुरत नाही; वरच्या वर ओढ्यांत जातं. माशांच्या पिल्लांचा जन्माचा काळही तोच. वर्षभराची सरासरी काढली तर ओढ्याचं पाणी ठीक दिसू शकतं आणि त्या दोन-तीन आठवड्यांत मात्र ओढा मारला गेलेला असतो. सरासरीवर बेतलेले निकष या प्रदेशाला लावणं म्हणजे जाणूनबुजून न पाहणं आहे, असं मला वाटतं.

आणि मग लायकेन. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं. लायकेनला मुळं नसतात. त्याचं बरंचसं पोषण हवेतून, पावसातून, धुळीतून होतं, त्यामुळे हवेतून येणारा धातूही तो साठवत जातो. उत्तरेकडचं लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, म्हणजे रेनडिअर हिवाळ्यात जे चघळतो ती बहुधा एका वर्षाची वाढ नसते, अनेक वर्षांची साठवण असते. कॅडमियम रेनडिअरच्या मूत्रपिंडात आणि यकृतात गोळा होतं. सामी, नेनेत्स, डोल्गान, डेने या उत्तरेतल्या मूळनिवासी लोकांसाठी हे प्राणी म्हणजे घरचं अन्न, उपजीविका आणि आप्तसंबंधांची चौकट आहे. त्यांना ‘अमुक भाग खाऊ नका, तमुक तळ्याकाठची फळं वेचू नका’ असा सल्ला देणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असतं. पण त्या सल्ल्याने प्रदूषणाची सगळी किंमत प्रदूषण न करणाऱ्याच्या ताटातून वसूल होते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. कंपन्या म्हणतात, खाण इथे आहे याचा अर्थच असा की इथल्या खडकात धातू जास्त आहे. मग मातीत तो जास्त सापडला तर आमच्या माथी का? बरोबर, खनिजपट्ट्यातली माती मुळातच वेगळी असते. पण या प्रश्नाचं उत्तर मातीच देते. १९९० च्या दशकात फिनलंड आणि नॉर्वेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थांनी रशियन भूशास्त्रज्ञांच्या बरोबरीने या तिन्ही देशांच्या सीमाभागात मिळून १,८८,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा अभ्यास केला. ठिकठिकाणी शेवाळं, वरचा ह्यूमस (म्हणजे तो पाचोळ्याचा सेंद्रिय थर) आणि खालचे खनिज थर असे वेगवेगळे नमुने घेतले आणि १९९८ मध्ये त्याचा नकाशासंग्रह काढला. तर्क सोपा आहे. धातू खडकातून आला असेल तर तो खालच्या थरात भरपूर असेल. आकाशातून पडला असेल तर वरच्या थरात खच्चून आणि खाली कमी. भट्ट्यांच्या आसपास वरचा थर निकेल आणि तांब्याने भरलेला, आणि भट्टीपासून लांब जावं तसतसं प्रमाण झपाट्याने उतरत जातं. धातूची जड धूळ बहुतेक काही दहा किलोमीटरांच्या आतच खाली बसते. दुसऱ्या बाजूने हेही खरं की दूरच्या काही ठिकाणच्या जास्त आकड्यांचं मूळ खडकातच निघालं. म्हणजे प्रामाणिक मोजणी कंपनीलाही न्याय देते. म्हणूनच अशी मोजणी खाण सुरू होण्याआधी का केली जात नाही, याला मला एकही समाधानकारक कारण दिसत नाही.

आता कॅनडात येऊ. लोकशाही आहे, पैसा आहे, वर्तमानपत्रं आहेत, न्यायालयं आहेत, तरी मातीच्या बाबतीत काय होऊ शकतं, हे तिथल्या उत्तर भागातल्या यलोनाइफ शहराने दाखवलं आहे. रशियाकडे बोट दाखवून मोकळं होण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी, शहराच्या हद्दीतच, जायंट नावाची सोन्याची खाण १९४८ मध्ये सुरू झाली. तिथलं सोनं आर्सेनिक असलेल्या खनिजात अडकलेलं होतं. ते सोडवायला खनिज भाजावं लागे आणि भाजताना आर्सेनिक ट्रायॉक्साइडची भुकटी धुरावाटे बाहेर पडे. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, धातुसदृश, पण मातीतली त्याची वागणूक आणि त्याचं विष पाहता त्याला या चर्चेतून वगळणं चुकीचं ठरेल.) पहिल्या काही वर्षांत दिवसाला सात हजार किलोहून अधिक आर्सेनिक हवेत जात होतं. सरोवराकाठच्या डेने वस्तीतले लोक बर्फ वितळवून पाणी प्यायचे, शतकानुशतकं तसंच चालत आलं होतं. १९५१ मध्ये तिथलं एक लहान मूल आर्सेनिकने मेलं. कंपनीने आईवडिलांना ७५० डॉलर दिले. खाण चालूच राहिली.

मग धूर गाळण्याची यंत्रणा आली. गाळलेली भुकटी कुठे ठेवायची? जमिनीखाली, खोदलेल्या दालनांत. जमीन कायम गोठलेली आहे, पाणी आत शिरणार नाही आणि विष बाहेर पडणार नाही, असं गृहीत धरलं गेलं. थंडी म्हणजे फुकटची, कधीही न उघडणारी तिजोरी, हा विचार या एका खाणीपुरता नव्हता. उत्तरेतल्या अर्ध्या शतकाच्या उद्योगामागे तो उभा आहे. प्रत्यक्षात खाणकामानेच भोवतालची गोठलेली जमीन वितळवली. १९९९ मध्ये रॉयल ओक ही मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायॉक्साइड कॅनडाच्या करदात्यांच्या गळ्यात पडलं. आज त्यावर उपाय काय, तर दालनांभोवती उष्णता खेचून घेणाऱ्या नळ्या रोवून ती जमीन पुन्हा गोठवायची आणि गोठलेलीच ठेवायची. २०२२ च्या अंदाजानुसार एकूण खर्च ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलर. आणि हा कायमचा तोडगा नाही, हे सरकारलाही मान्य आहे. शंभर वर्षांची मुदत धरून काम चाललं आहे, आणि कायमचा उपाय शोधण्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र देखरेख मंडळ नेमावं लागलं आहे.

सोनं पन्नासेक वर्षांत निघून गेलं, विकलं गेलं, कुणाच्या तरी तिजोरीत जाऊन बसलं. राखण मात्र ज्यांना त्यातला कणही मिळाला नाही त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनी करायची आहे. हा खर्च खाण उघडताना मोजला असता तर ती उघडली असती का? मला वाटतं, नसती. आणि उघडली असती तरी अशी नसती.

गोठलेल्या जमिनीवरचा हा भरवसा आता सगळीकडेच ढळतो आहे. २९ मे २०२० रोजी सायबेरियातल्या नोरिल्स्क शहराजवळ तिथल्या निकेल कंपनीची इंधनाची टाकी खचली आणि सुमारे २१,००० टन डिझेल नद्यांत आणि मातीत गेलं. कंपनीने आधी वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं. चौकशीत बांधकामातले आणि देखभालीतले दोषही पुढे आले. २०२१ मध्ये न्यायालयाने १४६ अब्ज रूबलहून अधिक भरपाई ठरवली आणि कंपनीने ती भरली. रशियाच्या इतिहासात पर्यावरणाच्या नुकसानीसाठी एवढी रक्कम कधी वसूल झाली नव्हती. पण ती रक्कम एका दिवशी सांडलेल्या डिझेलसाठी होती. त्याच शहरात १९३५ साली कैद्यांच्या श्रमछावणीतून सुरू झालेल्या उद्योगाने पुढची आठ दशकं टुंड्रावर जो धातू पसरवला, त्याच्यासाठी असा निवाडा झालेला नाही. अपघाताला तारीख असते, छायाचित्र असतं, आरोपी असतो. रोज थोडं थोडं साठत गेलेल्या निकेलला यातलं काहीच नसतं. माझ्या मते कायद्याची खरी परीक्षा इथेच आहे आणि जवळजवळ सगळे देश तिच्यात नापास झाले आहेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आर्क्टिकच्या कायम गोठलेल्या प्रदेशात सुमारे ४,५०० औद्योगिक ठिकाणं आणि १३,००० ते २०,००० प्रदूषित जागा असल्याचा अंदाज मांडला. अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेत तर कुठलीही खाण नसलेल्या खोऱ्यांत ओढे नारिंगी व्हायला लागले आहेत. २०२४ च्या अभ्यासात अशा ७५ ओढ्यांची नोंद आहे. गोठलेली जमीन वितळल्यावर आतल्या गंधकयुक्त खनिजांना हवा आणि पाणी मिळतं, आम्ल तयार होतं आणि लोह, जस्त, निकेल, तांबं, कॅडमियम पाण्यात उतरतं. निसर्गाने स्वतः गोठवून ठेवलेलं जर असं सुटत असेल, तर माणसाने खोदून, भुकटी करून, बांध घालून ठेवलेल्या गाळाचं काय होणार? यापुढे कुठल्याही खाणीच्या आराखड्यात ‘गोठलेल्या जमिनीत सुरक्षित साठवण’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो आराखडा परत पाठवावा. एवढी कडक भूमिका घेण्याची वेळ आली आहे.

काहीच करता येत नाही असंही नाही. कॅनडातलंच सडबरी शहर घ्या. रेल्वेमार्ग टाकताना १८८३ मध्ये तिथे निकेल-तांब्याचं खनिज सापडलं. सुरुवातीची कित्येक दशकं खनिज उघड्यावर लाकडांच्या ढिगांवर भाजलं जाई. जंगल त्या लाकडासाठी तुटलं आणि उरलेलं धुराने मारलं. काळे पडलेले उघडे खडक ही त्या शहराची ओळख झाली. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचं धुराडं उभारलं, त्याने गावातली हवा सुधारली आणि धूर लांबच्या तळ्यांकडे गेला. खरा बदल १९७८ पासून घडला. नगर प्रशासनाने माणसं कामाला लावली, त्यांत सुट्टीतले विद्यार्थीही होते. चुनखडीच्या भुकटीच्या पिशव्या उचलून टेकड्यांवर हाताने भुकटी पसरायची, हेक्टरी सुमारे दहा टन. मग गवताचं बी, मग रोपं. चुन्याने मातीची आम्लता उतरली, धातू मुळांच्या वाटेतून बाजूला झाले, आणि बर्चची झाडं तर न लावताही आपोआप उगवली. तीन हजारांहून अधिक हेक्टरवर चुना पसरला गेला आणि आतापर्यंत लावलेली झाडं एक कोटीच्या घरात आहेत.

हे वाचून मन उभारी धरतं. तरी दोन गोष्टी विसरू नयेत. सडबरीतलं निकेल मातीतच आहे, फक्त निपचित पडलं आहे; आम्लता पुन्हा वाढली तर ते पुन्हा हलेल. शिवाय सडबरी साडेशेहेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, मोंचेगोर्स्क जवळजवळ अडुसष्टवर आणि नोरिल्स्क एकोणसत्तरच्या पुढे. तिथला उन्हाळा इतका आखूड की सडबरीत चाळीस वर्षांत जे झालं त्याला तिथे किती काळ लागेल, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण सडबरीने एक गोष्ट निर्विवाद दाखवली. धूर कमी करणं हे एक काम आहे आणि माती बरी करणं हे दुसरं. पहिलं केल्याने दुसरं होत नाही. दुसऱ्यासाठी वेगळी माणसं, वेगळा पैसा आणि अनेक दशकांचा धीर लागतो.

उलट बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद हवामानाचा आहे. विजेच्या गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांना निकेल लागतं. कोळसा आणि तेल सोडायचं तर धातू लागणारच. मला हे मान्य आहे. जुलै २०२० मध्ये विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाचे इलॉन मस्क यांनी खाणकंपन्यांना जाहीरपणे जास्त निकेल काढण्याचं, तेही पर्यावरण जपून काढण्याचं आवाहन केलं. त्यानंतर महिन्याभरातच रशियाच्या उत्तरेतल्या मूळनिवासी कार्यकर्त्यांनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं की नोरिल्स्कच्या कंपनीने आमच्या जमिनीचं नुकसान मोजून भरून देईपर्यंत तिचं निकेल घेऊ नका. हे लोक बॅटरीच्या विरोधात नव्हते. त्यांची मागणी एवढीच होती की मातीची किंमत निकेलच्या किमतीत धरली जावी. मला ही मागणी पूर्ण न्याय्य वाटते. हवामान वाचवण्याच्या नावाखाली एका प्रदेशाची माती बळी देणं हे गेल्या शतकाने उद्योगाच्या नावाखाली केलं तेच पुन्हा करणं आहे.

‘नव्या खाणी जुन्यांसारख्या नसतात’ असंही सांगितलं जातं. फिनलंडच्या सोत्कामोमधली तालविवारा खाण नवी होती, जिवाणूंच्या मदतीने निकेल काढण्याचं तिचं तंत्र पुढारलेलं मानलं जात होतं, आणि देश तर पर्यावरणाच्या बाबतीत नावाजलेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिच्या गाळाच्या तळ्याला गळती लागली. निकेल, जस्त आणि युरेनियम असलेलं पाणी भोवतालच्या जलाशयांत गेलं. २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुढच्या वर्षी खाण सरकारी मालकीच्या कंपनीकडे आली. जायंट खाणीचीच गोष्ट थोड्या धाकट्या रूपात. नफा असेल तोवर खाजगी मालकी आणि गाळ उरला की सरकार, हा रिवाज राजवट, विचारसरणी, तंत्रज्ञान कशानेच बदललेला नाही.

म्हणून मागणी पैशापासून सुरू व्हायला हवी. खाणीला किंवा भट्टीला परवाना देण्याआधी माती पूर्ववत करण्याचा संपूर्ण खर्च स्वतंत्र निधीत रोख जमा करून घ्यावा. कंपनीच्या कागदी हमीवर भागवू नये, कारण बुडालेल्या कंपनीची हमीही तिच्यासोबत बुडते. कॅनडाच्या उत्तर भागात जायंटच्या अनुभवानंतर परवान्यासोबत अनामत घेण्याची पद्धत बरीच कडक झाली आहे, म्हणजे हे अशक्य नाही. काम सुरू होण्याआधी थराथराने मातीची मोजणी व्हावी आणि ती सर्वांना पाहता यावी, म्हणजे पुढे खडकाचं किती आणि धुराड्याचं किती यावर वाद उरणार नाही. निधीतला पैसा धुराचे आकडे पाहून परत मिळू नये. माती तपासून मिळावा, आणि तपासणाऱ्यांत त्या जमिनीवर फिरणारे, तिथली फळं वेचणारे, जनावरं राखणारे लोक असावेत. कारखान्यावर उभ्या राहिलेल्या गावांचा प्रश्नही याच निधीने काही अंशी सुटू शकतो. निकेल गावात भट्टी बंद झाल्यावर लोकांची रोजी गेली, आणि भोवताली मात्र अनेक दशकं पुरेल एवढं माती दुरुस्तीचं काम पडून आहे. सडबरीने तसं काम माणसांना दिलं होतं.

याचा आपल्याशी संबंध आहे आणि तो भावनेपुरता नाही. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारे भाग, सक्तीचे झाले. आपल्या रस्त्यांवरची हवा सुधारायला त्यांची मदत झाली, आणि ते बसवले हे योग्यच झालं. त्या कन्व्हर्टरमध्ये पॅलेडियमसारखे धातू असतात आणि जगात खाणींतून निघणाऱ्या पॅलेडियमपैकी सुमारे ४० टक्के एकट्या नोरिल्स्कच्या कंपनीकडून येतं. चाकणला किंवा अन्यत्र जोडल्या जाणाऱ्या नेमक्या कोणत्या गाडीत नोरिल्स्कचा कण आहे हे सांगता येणार नाही, पण एवढ्या मोठ्या वाटेकऱ्यापासून आपण अलिप्त आहोत असं म्हणणंही खरं नाही. आपल्या शहरांच्या हवेसाठी दुसरीकडच्या मातीने किंमत मोजली आहे.

भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेचा, म्हणजे आर्क्टिक देशांच्या संघटनेचा, निरीक्षक आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपलं संशोधन केंद्र चालतं आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथली ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था पाहते. मार्च २०२२ मध्ये भारताने आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं. त्यात विज्ञान आहे, हवामान आहे, आणि तिथल्या खनिजांत रसही आहे. ज्या देशाला तिथलं खनिज हवं आहे त्याने तिथल्या मातीची मोजणी करण्यात आणि तिच्या दुरुस्तीची अट खरेदीच्या करारात घालण्यातही पुढे यायला हवं. आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाला मत नसतं, पण ग्राहक म्हणून आपल्याकडे त्याहून जास्त वजन आहे.

घराजवळचं कामही आहे. जुन्या गाड्यांतले कन्व्हर्टर भंगारात जातात तेव्हा त्यांतला पॅलेडियम, प्लॅटिनम आणि रोडियम परत मिळवता येतो. हे तंत्र जगात रुळलेलं आहे. २०२१ मध्ये आपण वाहन मोडीत काढण्याचं धोरण आणलं. अधिकृत मोडणी केंद्रात आलेल्या प्रत्येक गाडीच्या कन्व्हर्टरची नोंद ठेवणं, तो गल्लीबोळातल्या ॲसिडच्या बादल्यांऐवजी नीट कारखान्यात जाईल हे पाहणं, आणि नव्या गाडीत पुनर्प्राप्त धातूचा किमान वाटा बंधनकारक करणं, हे राज्याच्या परिवहन खात्याला आणि केंद्राला मिळून करता येईल. पुणे-चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला धातू कोणत्या खाणीतून आला हे वार्षिक अहवालात छापावं, ही मागणी तर ग्राहक आणि भागधारक उद्यापासून करू शकतात.